नाव तेच, पण पेशंट कोण? दवाखान्यातल्या नोंदी जोडण्याचा प्रश्न

विषयाचं नाव ऐकून काही जण म्हणाले, हा तर कॉम्प्युटरवाल्यांचा विषय, यात आमचं काय काम? म्हणून कॉम्प्युटर जरा बाजूला ठेवू आणि एका बाळंतपणापासून सुरुवात करू. उदाहरण कल्पित आहे, पण श्रोत्यांमध्ये कुणी परिचारिका किंवा आशाताई असतील तर त्यांना ते ओळखीचं वाटेल.

सुनीता दत्तात्रय जाधव. माहेर सोलापूरकडचं. लग्नानंतर सुनीता विशाल पाटील, सासर साताऱ्याकडे. दिवस राहिले तेव्हा नाव साताऱ्याला नोंदवलं, रक्तगट तपासला, निघाला ओ निगेटिव्ह. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी. तिथल्या रुग्णालयात तिचा लहानपणापासूनचा केसपेपर होता, वडिलांनी तोच नंबर सांगितला, म्हणून नोंद झाली 'जाधव' नावाने. पुढे नवऱ्याची नोकरी पुण्याला. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा पुण्यातल्या खाजगी दवाखान्यात रोमन लिपीत नोंद झाली: 'सुनिता व्ही. पाटील'.

आता डॉक्टर विचारतात, "पहिल्या बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का?" ती म्हणते, "इंजेक्शनं बरीच दिली होती."

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते थोडक्यात सांगतो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळून तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला बहुधा काही होत नाही. पण पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी ही प्रतिपिंडं फोडतात. बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी दिलं तर हे टाळता येतं. म्हणजे सोलापूरच्या रजिस्टरमधली एक ओळ पुण्यातल्या डॉक्टरांना हवी आहे. ती ओळ अस्तित्वात आहे, कुणी हरवलेली नाही. फक्त जाधव, पाटील आणि रोमन लिपीतली सुनिता या तिघी एकच बाई आहे, हे कुठल्याच यंत्रणेला माहीत नाही.

आज आपण एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहोत: दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ठरवायचं कसं, आणि ठरवताना चूक झाली तर काय होतं.

चुका दोन प्रकारच्या असतात. एक आपण आत्ता पाहिली: माणूस एक, नोंदी तीन. दुसरी याच्या उलट: माणसं दोन, नोंद एक. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने 'सुनीता पाटील' शोधलं, यादीत पाच जणी आल्या, घाईत दुसऱ्या ओळीवर क्लिक झालं, आणि आजच्या बाईंचे रिपोर्ट कालच्या बाईंच्या फायलीत गेले. आमच्या मते ही दुसरी चूक कितीतरी जास्त घातक आहे. पहिल्या चुकीत डॉक्टरांना माहिती मिळत नाही, आणि ती मिळालेली नाही हे त्यांना कळतं. मग ते पुन्हा तपासणी करतात. खर्च होतो, वेळ जातो, सुईसाठी पुन्हा हात पुढे करावा लागतो, कधी अँटी-डीसारखी गोष्ट हातची निसटते. दुसऱ्या चुकीत मात्र डॉक्टरांना माहिती मिळते, नीट टाइप केलेली, तारखेसह, आणि ती दुसऱ्याच कुणाची असते. शंका घ्यायला जागाच राहत नाही. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी एका सुनीताची आणि कागद दुसरीचा, असं झालं तर दोघींनाही धोका.

म्हणून "सगळं ऑनलाइन केलं की प्रश्न सुटेल" असं कुणी म्हटलं की आम्ही जरा सावध होतो. चुकीची जोडणीही ऑनलाइन झाली की वेगाने पसरते.

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. 'रेकॉर्ड लिंकेज' हा शब्द हॅलबर्ट डन यांनी 1946 साली एका लेखात मांडला. अमेरिकेत जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचं काम ते पाहत होते. त्यांची कल्पना अशी की प्रत्येक माणसाच्या आयुष्याचं एक पुस्तक असतं. पहिलं पान जन्माचं, शेवटचं मृत्यूचं. मधली पानं शाळा, लग्न, आजार, नोकरी अशी वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेली. ती पानं एका बांधणीत आणणं म्हणजे जोडणी.

हे काम यंत्राकडून करून घेतलं कॅनडातल्या हॉवर्ड न्यूकोम्ब यांनी, 1959 मध्ये. ते आनुवंशिकी शास्त्रज्ञ होते आणि अणुऊर्जेच्या प्रकल्पात काम करत होते. किरणोत्साराचा पुढच्या पिढ्यांवर परिणाम होतो का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लग्नांच्या आणि जन्मांच्या नोंदी जोडून कुटुंबं तयार करायची होती. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी, पण पुढे सगळं तिच्यावर उभं राहिलं: दुर्मिळ आडनाव जुळलं तर त्याला वजन जास्त, सर्रास आढळणारं आडनाव जुळलं तर कमी. पुढे 1969 मध्ये कॅनडातल्याच इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन सुन्टर या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी याला गणिती पाया दिला. आजही बरीच सॉफ्टवेअरं त्याच पायावर चालतात.

गणिताला घाबरू नका, शाळेतल्या गुणाकारापलीकडे काही नाही. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. समजा एका रुग्णालयाच्या नोंदवहीत 2 लाख माणसं आहेत. खिडकीवर एक बाई आल्या: सुनीता पाटील, जन्मसाल 1994. संगणकात याच नावाची, याच सालाची एक नोंद सापडली. जोडायची का?

समजा दर 20 माणसांत एकाचं आडनाव पाटील आहे. दर 200 माणसांत एकीचं नाव सुनीता आहे. आणि दिलेल्या एका सालात जन्मलेला माणूस दर 50 मध्ये एक आहे. तर तिन्ही गोष्टी निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता 20 गुणिले 200 गुणिले 50, म्हणजे 2 लाखांत एक. आणि आपल्या नोंदवहीत माणसं किती? 2 लाखच! म्हणजे नाव, आडनाव आणि साल हे तिन्ही जुळणारी एक परकी बाई त्या वहीत सरासरीने सापडणारच. खिडकीवर ज्याला आपण 'अगदी बरोबर जुळलं' म्हणतो, ते खरं तर नाणं उडवण्याच्या फार पुढे गेलेलं नसतं.

इथे कुणी म्हणेल, लिंगही जुळतंय की, ते का धरलं नाही? कारण सुनीता म्हटल्यावर ती स्त्री असणार हे आलंच. त्या जुळणीतून नवं काही कळत नाही. नवशिके प्रोग्रॅमर इथे हमखास फसतात. एकाच गोष्टीचे दोनदा गुण देतात आणि खात्री दुप्पट झाली असं समजतात.

जन्मतारीख पूर्ण मिळाली तर? साल माहीत असताना दिवस-महिनाही जुळणं म्हणजे 365 मध्ये एक, हा फार मोठा पुरावा. पण थांबा. आपल्याकडे किती जणांचा वाढदिवस 1 जूनला असतो? इथे हात वर करायला सांगितले तर दोन-चार नक्की वर येतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय जमवण्यासाठी 1 जून लिहिला आणि तोच पुढे दाखल्यावर, आधारवर, सगळीकडे गेला. समजा एखाद्या पिढीत दर 10 मध्ये एकाची तारीख 1 जून आहे. मग दोन नोंदींत 1 जून जुळला तर पुरावा 365 पट नाही, 10 पटच वाढतो. 17 ऑक्टोबर जुळला तर मात्र खरंच मोलाचा. न्यूकोम्ब यांचं आडनावांचं तत्त्व तारखांनाही जसंच्या तसं लागू आहे. बाहेरून विकत आणलेल्या सॉफ्टवेअरला मात्र 1 जूनची ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते.

आता नावांकडे येऊ, आणि इथे जरा रेंगाळू, कारण आपली खरी अडचण इथेच आहे.

इंग्रजी आडनावांसाठी 'साउंडेक्स' नावाची एक पद्धत आहे. तिचं पेटंट 1918 सालचं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, स्वर गाळायचे, म्हणजे स्पेलिंग थोडं वेगळं असलं तरी सांकेतिक खूण एकच येते. अमेरिकेतल्या नावांसाठी हे ठीक होतं. आपली नावं रोमन लिपीत लिहून या यंत्रात घातली की गंमत होते. पाटील आणि पटेल दोघांची खूण एकच: पी 340. काळे, कोळी आणि कोल्हे तिघांची खूण एकच: के 400. म्हणजे आपल्या कानाला सरळ वेगळी असलेली माणसं यंत्राला एक वाटतात. उलट वाघमारे कुणी डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने, आणि पहिलं अक्षर बदललं की खूण बदलली. ज्ञानेश्वर तर काही विचारू नका. डी-एन-वाय, जी-वाय, जे-एन अशा तिन्ही रीतींनी लिहिलेले ज्ञानेश्वर यंत्राच्या लेखी तीन वेगळे गृहस्थ.

मग देवनागरीतच नोंद करावी ना? करावीच, आम्ही त्याच मताचे आहोत. पण तिथेही खाचखळगे आहेत. सुनीता दीर्घ की सुनिता ऱ्हस्व, शिंदे अनुस्वाराने की न जोडून, हे तर आहेच. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे 'कऱ्हाडकर'मधला अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन वेगळ्या प्रकारे टाइप करता येतो. पडद्यावर दोन्ही कऱ्हाडकर तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणकाच्या पोटात ते वेगवेगळ्या चिन्हांचे बनलेले असतात. कर्मचारी शोधतो, संगणक सांगतो 'सापडलं नाही', आणि कर्मचारी नवीन नोंद करतो. त्याची काहीच चूक नसते. शोधण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणून घ्यायची, एवढाच उपाय आहे. पण तो करायला सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला मराठी ठाऊक असावं लागतं.

आणि मग मधलं नाव. आपल्याकडे मधलं नाव हा फार चांगला पुरावा आहे. दत्तात्रय जुळलं तर आपल्या मघाच्या हिशोबात मोठी भर पडते. पण हा पुरावा पुरुषांच्या बाबतीत जन्मभर टिकतो, स्त्रियांच्या बाबतीत लग्नापर्यंत. लग्नात मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. पत्ता बदलतो. फोन नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा सासऱ्यांचा. म्हणजे जोडणीसाठी लागणारी जवळजवळ प्रत्येक खूण एकाच वेळी पुसली जाते, आणि नेमकी त्याच सुमारास तिला आयुष्यात सगळ्यात जास्त दवाखान्याची गरज पडणार असते. जोडणीचं सूत्र सगळ्यांना सारखंच लावलं, तरी नोंदी जास्त तुटणार त्या बायकांच्याच. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण परिणाम तोच. यावर उपाय आहे: जुनं नाव खोडून नवं लिहायचं नाही, दोन्ही ठेवायची. माहेरचं नाव ही वेगळी जागा फॉर्मवर असावी आणि शोधताना तीही तपासली जावी. किती साधी गोष्ट! तरी आम्ही पाहिलेल्या बऱ्याच फॉर्मवर ती नव्हती.

नवजात बाळांचं तर याहून अवघड. बारशापर्यंत नावच नाही. मग नोंद होते 'बेबी ऑफ सुनीता'. एका कक्षात दोन सुनीता असल्या, किंवा एकीला जुळी झाली, की सारख्या नावाच्या पट्ट्या शेजारी शेजारी. अमेरिकेतल्या नवजात अतिदक्षता विभागांतला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे 'बेबी गर्ल' असं मोघम नाव देण्याऐवजी आईचं पहिलं नाव बाळाच्या तात्पुरत्या नावात गुंफलं, तर चुकीच्या बाळाच्या नावावर औषध-तपासण्या लिहिल्या जाण्याचं प्रमाण सुमारे 36 टक्क्यांनी कमी झालं. यंत्र नवीन आणलं नाही, फक्त नाव लिहायची रीत बदलली.

आता तुमच्या मनात केव्हापासून असलेला प्रश्न: एवढी डोकेफोड कशाला, प्रत्येकाला एक नंबर द्या, झालं!

नंबर उपयोगी आहे, यात वाद नाही. डेन्मार्कमध्ये 1968 पासून प्रत्येक रहिवाशाला नंबर आहे आणि तिथलं वैद्यकीय संशोधन बरंचसं त्यावर उभं आहे. ब्रिटनमध्ये 10 आकडी एनएचएस नंबर आहे. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने असा नंबर आणायचं ठरलं, पण खाजगीपणाच्या भीतीने संसदेने दोनच वर्षांनी त्यावर सरकारी पैसा खर्च करायला बंदी घातली आणि ती वर्षानुवर्षं चालू ठेवली. आपल्याकडे 2021 च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि 14 आकडी 'आभा' नंबर आला. तो ऐच्छिक आहे.

नंबर टाइप करताना आकडा चुकला तर ते पकडायची सोय असते. एनएचएस नंबरचा शेवटचा आकडा आधीच्या नऊ आकड्यांवरून हिशोबाने काढलेला असतो. एक आकडा चुकला की हिशोब जुळत नाही. आधारच्या बाराव्या आकड्याचंही तसंच. पण हा हिशोब एवढंच सांगतो की नंबर नीट लिहिला आहे. तो नंबर समोर उभ्या असलेल्या माणसाचाच आहे का, हे तो सांगू शकत नाही. सासूबाईंचं कार्ड घेऊन आलेल्या सुनेचा नंबर हिशोबात शंभर टक्के बरोबर निघतो! बेशुद्ध माणूस नंबर सांगत नाही. आणि नंबर मिळायच्या आधीच्या वीस वर्षांच्या नोंदी नंबराशिवायच पडून असतात.

आभाची रचना पाहिली तर हे लक्षात येतं. तिथे तुमच्या नोंदी दिल्लीत एका मोठ्या कपाटात जात नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि तुमच्या संमतीने दुसरीकडे दाखवल्या जातात. मग जुन्या रुग्णालयातली तुमची नोंद तुमच्या आभाला जोडायची कशी? तुम्ही मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून रुग्णालयाकडे विचारणा करता, आणि अ‍ॅप रुग्णालयाला पाठवतं तुमचा मोबाइल नंबर, नाव, लिंग, जन्मसाल, आठवत असल्यास केसपेपरचा नंबर. म्हणजे फिरून आपण त्याच सुनीता पाटीलपाशी आलो. जुळवणी रुग्णालयालाच करायची असते. फरक एवढाच की शेवटी मोबाइलवर ओटीपी येतो. पण तो मोबाइल सोलापूरच्या नोंदीत वडिलांचा असेल तर ओटीपी वडिलांकडे जाणार.

फेलेगी आणि सुन्टर यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती, ती सांगायची राहिली. त्यांच्या पद्धतीत उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: जुळलं, जुळलं नाही, आणि माणसाने पाहायला हवं. ही तिसरी टोपली म्हणजे या सगळ्या कामाचा आत्मा आहे. संगणकाने संशयित जोड्या बाजूला काढायच्या आणि अनुभवी माणसाने एकेक केसपेपर उघडून, गरज पडली तर फोन करून, ठरवायचं. आमचा अनुभव असा की सॉफ्टवेअरमध्ये ही टोपली असते, पण ती रिकामी करणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. मग ती भरत जाते, आणि एक दिवस कुणीतरी वैतागून 'सगळ्या जोडा' किंवा 'सगळ्या काढून टाका' असं बटण दाबतो. पहिलं बटण दाबलं तर काय होतं ते आपण सुरुवातीला पाहिलं.

म्हणून जोडणी म्हणजे चिकटवणी नव्हे. दोन फायली एकत्र ओतल्या तर नंतर कुठला रिपोर्ट कुणाचा हे वेगळं काढणं महाकठीण, कारण मधल्या काळात मिसळलेल्या माहितीवर नवी औषधं लिहिली गेलेली असतात. चांगल्या यंत्रणेत मूळ नोंदी जशाच्या तशा राहतात आणि त्यांच्यामध्ये फक्त एक धागा असतो: ही नोंद त्या नोंदीशी जोडली, अमक्या दिवशी, अमक्याने, अमक्या पुराव्यावर. चूक कळली की धागा तोडता येतो.

वेळ संपत आली आहे, चिठ्ठ्या आल्या आहेत त्यातली एक घेतो.

"आम्ही सामान्य माणसांनी खिडकीवर काय करावं?"

तीन गोष्टी सांगतो. बाईंनी माहेरचं नाव न विचारताही सांगावं आणि ते लिहून घ्यायला लावावं. जुन्या दवाखान्याचा केसपेपर कितीही चुरगळलेला असला तरी टाकू नये. त्यावरचा नंबर हा दोन नोंदींमधला सगळ्यात भक्कम दुवा असतो. आणि कुणी "तुम्ही सुनीता पाटील ना?" असं विचारलं तर नुसतं "हो" म्हणू नये. गर्दीत, गुंगीत, कानाला कमी ऐकू येत असताना माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून परिचारिकांना शिकवलेलं असतं की नाव आपण उच्चारायचं नाही, "तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा" असं विचारायचं. त्यांनी तसं विचारलं नाही तर आपणच पूर्ण नाव सांगावं, वडिलांचं, नवऱ्याचं, दोन्ही. रक्त काढण्याआधी आणि इंजेक्शन घेण्याआधी तर प्रत्येक वेळी. दिवसातून चौथ्यांदा तेच विचारलं म्हणून रागावू मात्र नका, ती बाई तिचं काम नीट करते आहे.